प्रवासाची शिदोरी : लंडन शहरीं आपलें आपण हिंडणें

विलायतेस जाणें म्हणजे समुद्रोल्लंघन, आणि समुद्रोल्लंघन म्हणजे परतल्यावर प्रायश्चित्त, असा एक काळ आपल्या घरांतून होऊन गेला. ज्यांच्या पणजोबांनीं त्या प्रश्नावर कडाक्याचे वाद घातले, त्यांच्याच घरांतील आजी-आजोबा आज सुनेच्या बाळंतपणासाठीं निमूटपणें विमानांत बसतात व मुंबईहून नऊ-दहा तासांत लंडनास उतरतात. या प्रवासाचें नवल आतां राहिलेलें नाहीं. परंतु उतरल्यानंतर पुढें काय होतें, याचा विचार मात्र फारसा कोणी केलेला दिसत नाहीं.

होतें तें असें. चिरंजीव व सूनबाई सकाळीं कामावर जातात, मोठीं नातवंडें शाळेंत जातात, आणि तीन-चार महिने राहावयास गेलेलीं वडील माणसें खिडकींतून समोरच्या घरांचीं धुराडीं पाहत बसतात. शनिवार उजाडला म्हणजे मुलगा मोटारींत घालून कांहीं तरी दाखवून आणतो. तोही आठवडाभराचा शिणलेला; त्यामुळें "अमुक पाहावयाचें आहे" असें तोंडानें म्हणण्याचा संकोच वाटतो. परत आल्यावर "लंडन कसें काय आहे?" असें कोणीं विचारिलें, तर "स्वच्छ आहे, पण थंडी फार" यापलीकडे सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं. यांत दोष ना मुलाचा, ना आईबापांचा. ज्या गृहस्थांनीं तीस-पस्तीस वर्षें लोकलच्या दांडीला धरून कचेरी गांठली, किंवा ज्या माउलीनें पोर कडेवर घेऊन गर्दींतून दादरचा पूल ओलांडला, त्यांस लंडनची भुयारी रेल्वे अवघड जावी असें तिच्यांत कांहीं एक नाहीं. अवघड जातें तें एवढ्याचसाठीं कीं, तेथील येण्याजाण्याच्या खुणा त्यांना कोणीं नीट बसून सांगितलेल्या नसतात. त्या सांगाव्या, एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम निघण्यापूर्वींची तयारी. लंडन शहर सुमारें साडेएक्कावन्न उत्तर अक्षांशावर वसलेलें आहे. त्यामुळें जूनमध्यें तेथें रात्रीं सव्वानऊनंतर सूर्यास्त होतो, तर डिसेंबरांत दुपारीं चार वाजण्यापूर्वींच दिवे लावावे लागतात. ज्यांस हिंडावयाचें आहे त्यांनीं मे ते सप्टेंबर हा काळ निवडावा; डिसेंबर-जानेवारींत जाणें भाग असेल, तर दिवस सहा तासांचाच आहे असें समजून बेत करावे. २५ डिसेंबर रोजीं तर शहरांतील आगगाड्या व बस मुळींच चालत नाहींत, हें विसरूं नये. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळें एक तास पुढें असतात. त्या काळांत आपली वेळ त्यांच्यापुढें साडेचार तास, एरवीं साडेपांच तास. रोज ठरल्या वेळीं औषध घेणारांनीं हा हिशेब वैद्यांस विचारून निघण्यापूर्वींच मांडून ठेवावा.

भेटीसाठीं जाणारांस मिळणारा सामान्य परवाना सहा महिन्यांपर्यंत राहूं देतो, व त्याकरितां प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधीं अर्ज करतां येत नाहीं. विम्याच्या बाबतींत काटकसर करूं नये. तेथील सरकारी इस्पितळाच्या तातडीच्या विभागांत परक्या पाहुण्यासही फुकट उपचार मिळतात हें खरें. पण त्यापुढें खाटेवर दाखल करून घेतलें, कीं बिल सुरू होतें, आणि तें आपल्याकडील पेन्शनीच्या मानानें फार मोठें असतें. औषधें मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातांतील पिशवींतच न्यावीं.

आणखी एक बारीक गोष्ट. मागील खेपेस उरलेल्या पौंडाच्या नोटा पुष्कळांच्या कपाटांत जपून ठेवलेल्या असतात. कागदी नोटांचें चलन ३० सप्टेंबर २०२२ रोजीं संपलें. गुळगुळीत वाटोळा पौंड त्याच्याही आधीं, २०१७ सालीं, बाद झाला. तशा नोटा दुकानदार घेत नाहीं. बँक ऑफ इंग्लंड मात्र त्या बदलून देते. हें आधींच ठाऊक असलें, म्हणजे दुकानांत ओशाळें होण्याची पाळी येत नाहीं.

आतां भुयारी रेल्वे. जगांतील अशा प्रकारची ही पहिलीच. १० जानेवारी १८६३ रोजीं पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या टप्प्यावर ती सुरू झाली, तेव्हां गाड्यांना वाफेचीं इंजिनें होतीं. आज तिच्या ११ शाखा व २७२ स्टेशनें आहेत. भुयारी म्हणतात खरी, पण तिचा निम्म्याहून अधिक मार्ग उघड्यावरच आहे. प्रत्येक शाखेस एक नांव व एक रंग आहे. तिचा सुप्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नांवाच्या आराखडे काढणाऱ्या कारकुनानें १९३१ सालीं तयार केला व तो १९३३ सालीं छापून निघाला. हा नकाशा वाचतांना एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी: तो भूगोलाचा नकाशा नव्हे. कोणती शाखा कोणत्या शाखेस कोठें मिळते, एवढेंच तो सांगतो. अंतर सांगत नाहीं. वस्तीच्या मध्यभागीं दाटी फार, म्हणून बेकनें तेथील अंतरें ताणलीं आणि उपनगरांतील आंखडलीं. त्यामुळें लेस्टर स्क्वेअर व कॉव्हेंट गार्डन हीं स्टेशनें नकाशांत चांगलीं सुटीं दिसतात, पण त्यांच्यामधील अंतर अवघें अडीचशें-पावणेतीनशें मीटर भरतें. तेवढ्यासाठीं गाडीचें भाडें भरून नवखा माणूस खालीं उतरतो, आणि कॉव्हेंट गार्डनचे उद्वाहक सोडून चुकून जिन्यास लागला, तर १९३ पायऱ्या चढून वर येतो! म्हणून भुयारी नकाशासोबत रस्त्यांचा साधा नकाशाही जवळ बाळगावा, आणि मध्यभागांत दोन स्टेशनांचें अंतर आधीं त्यावर पाहावें.

तिकिटाचा प्रकार आतां फार सोपा झाला आहे. २००३ सालीं ऑइस्टर नांवाचें कार्ड निघालें. २०१४ पासून बँकेचें साधें कार्डही दारावरील पिवळ्या वर्तुळास टेकविलें तरी चालतें. आपलें कार्ड परदेशांत चालण्याची परवानगी बँकेकडून घेतलेली आहे कीं नाहीं, हें निघण्यापूर्वींच पाहावें. नियम तीनच. पहिला, रेल्वेंत शिरतांना व बाहेर पडतांना असें दोनही वेळां कार्ड टेकवावें. बाहेर पडतांना राहून गेलें, तर जास्तींत जास्त भाडें कापलें जातें. दुसरा, बसमध्यें फक्त चढतांना टेकवावें, उतरतांना नाहीं. आणि बसमध्यें रोख पैसे २०१४ पासून मुळींच घेत नाहींत. तिसरा, माणशीं एक कार्ड. पतीपत्नींनीं एकच कार्ड पुढें-मागें टेकविलें, तर यंत्र तें मानीत नाहीं. दिवसभरांत कितीही प्रवास केला, तरी ठराविक मर्यादेपलीकडे पैसे जात नाहींत. मात्र त्याकरितां दिवसभर तेंच कार्ड वापरलें पाहिजे. अकरा वर्षांखालील नातवंडांस मोठ्या माणसाबरोबर या गाड्यांतून फुकट नेतां येतें.

वृद्धांसाठीं तेथें फुकट पास असतो, असें ऐकून कित्येकजण तो मिळविण्याची खटपट करतात. तो तेथील रहिवाशांकरितांच आहे. पाहुण्यांस मिळत नाहीं. परंतु साठ वर्षांवरील कोणाही माणसास सीनियर रेलकार्ड विकत घेतां येतें, आणि स्टेशनावरील नोकराकडून तें ऑइस्टरशीं जोडून घेतलें, तर गर्दीच्या वेळांखेरीज भाडें एक-तृतीयांशानें कमी पडतें. दोन-तीन महिने राहणारांस हें परवडतें. आठवड्याच्या पाहुण्यांनीं त्याच्या नादीं लागूं नये.

गर्दीच्या वेळा म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळीं साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारीं चार ते सात. या वेळांत भाडें अधिक व उभें राहण्यासही जागा कमी. उलट शनिवार-रविवारीं दुरुस्तीसाठीं कोणती ना कोणती शाखा बंद असते, आणि पाहण्याच्या ठिकाणीं सारें शहर लोटलेलें असतें. आतां वाचकांनींच विचार करावा. मुलाला सवड मिळते ती नेमकी अडचणीच्या दिवशीं. आणि मंगळवार ते गुरुवार, दहा ते साडेतीन, हा सर्वांत स्वस्त व मोकळा वेळ ज्यांच्या हातीं आहे, ते घरीं धुराडीं पाहत बसलेले! निवृत्त माणसाइतकी लंडन पाहण्याची अनुकूलता दुसऱ्या कोणासही नाहीं.

दिशा कशी ओळखावी? आपल्या लोकलप्रमाणेंच गाडीच्या कपाळावर शेवटच्या स्टेशनाचें नांव असतें. फलाटाकडे वळतांना भिंतीवर उत्तरेकडे, दक्षिणेकडे, पूर्वेकडे, पश्चिमेकडे अशी पाटी असून तिच्याखालीं पुढील सर्व स्टेशनांची यादी असते. आपलें स्टेशन त्या यादींत सांपडलें, तरच त्या फलाटावर जावें. नाहीं तर समोरच्या. नॉर्दर्न शाखा मध्यभागांत दुभंगते. एक फांटा बँकवरून व दुसरा चेअरिंग क्रॉसवरून जातो. कल्याणपुढें कर्जत आणि कसारा यांतील भेद ज्यांस कळतो, त्यांस हें नवीन नाहीं. सर्कल शाखा २००९ सालच्या डिसेंबरापासून पूर्ण वर्तुळ राहिलेली नाहीं, म्हणून "बसून राहूं, फिरून तेथेंच येऊं" हा जुना सल्ला मानूं नये. नांवांच्या सारखेपणानेंही घोंटाळा होतो. एजवेअर हें नॉर्दर्न शाखेचें उत्तरेकडील एक टोंक. एजवेअर रोड हें शहराच्या मध्यांत, आणि त्या नांवाचीं स्टेशनेंही दोन!

सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूस उभें राहावें. डावी बाजू घाईनें चालणारांकरितां मोकळी सोडतात. फलाट व गाडी यांमधील फटीकडे लक्ष ठेवण्याची सूचना जागोजाग ऐकूं येते. कित्येक फलाट वळणावर असल्यानें ही फट खरोखरच मोठी असते. लुगडें नेसलेल्या भगिनींनीं निऱ्या सांवरूनच पाऊल टाकावें. या सूचनेची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. एम्बँकमेंट स्टेशनावरील जुन्या ध्वनिमुद्रणांतील आवाज ऑस्वल्ड लॉरेन्स नांवाच्या नटाचा होता. तो वारल्यावर त्याची पत्नी केवळ तो आवाज ऐकण्यासाठीं त्या फलाटावर जाऊन बसत असे. २०१२ सालीं नवें यंत्र आलें व आवाज बंद झाला. तिनें विनंती केल्यावर रेल्वेच्या लोकांनीं २०१३ सालीं त्या एका फलाटापुरता तोच आवाज पुन्हां सुरू केला. एवढ्या मोठ्या यंत्रामागेंही माणसेंच असतात. अडल्यास गणवेशांतील नोकरास निःसंकोच विचारावें, असें सांगण्यास याहून चांगलें कारण आम्हांस सुचत नाहीं.

गुडघ्यांची तक्रार असणारांनीं मात्र रेल्वेपेक्षां बसचाच आश्रय करावा. भुयारी रेल्वेचीं सुमारें एक-तृतीयांश स्टेशनेंच अशीं आहेत, कीं जेथें रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी लागत नाहीं. २४ मे २०२२ रोजीं सुरू झालेली एलिझाबेथ शाखा या बाबतींत उत्तम. तिच्या सर्व स्टेशनांवर उद्वाहक अथवा सपाट वाट आहे, व ती हीथ्रो विमानतळापासून थेट शहराच्या मध्यांतून जाते. बस तर सर्वच बसक्या तळाच्या असून पुढील स्टॉपचें नांव बोलून दाखवितात. पहिली बस पकडल्यापासून एका तासाच्या आंत दुसरी, तिसरी कितीही बस बदलल्या, तरी भाडें एकदांच पडतें. पुष्कळ स्टॉपांवर इंग्रजी अक्षर लिहिलेलें असतें. एकाच चौकांत पांच-सहा स्टॉप असतात, त्यांतून आपला कोणता हें त्या अक्षरावरून कळतें. बस येतांना दिसली, कीं हात पुढें करावा. १५ क्रमांकाची बस ट्रफाल्गर चौकाकडून स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉलचें मंदिर यांवरून टॉवरपर्यंत नेते. दुमजलीच्या वरच्या मजल्यावर पुढील बांक मिळाला, तर दुसऱ्या सहलीच्या गाडीची गरजच नाहीं. मात्र जिना गाडी उभी असतांनाच चढावा-उतरावा. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर विसंबूं नये. सेंट पॉलवरून जाणारी प्रसिद्ध ११ क्रमांकाची बस २०२३ सालीं वॉटर्लूकडे वळविली गेली, तरी पुस्तकें अजून तिचीच स्तुति करतात.

पायीं चालणारास सोय अशी, कीं तेथेंही वाहनें आपल्याप्रमाणेंच डाव्या हातानें चालतात. काळ्या-पांढऱ्या खांबावर पिवळा गोळा लुकलुकतांना दिसला, कीं तेथें पादचाऱ्याचा मान पहिला. तरी गाडी थांबल्याची खात्री करूनच पाऊल टाकावें. पत्त्याच्या शेवटीं असणारीं अक्षरें व आंकडे हाच पत्त्याचा प्राण समजावा. "हाय स्ट्रीट" नांवाचे रस्ते शहरांत कितीतरी आहेत; त्या सांकेतिक अक्षरांनींच नेमकें घर सांपडतें. हा पत्ता व मुलाचा दूरध्वनि कागदावर लिहून प्रत्येकानें स्वतःच्या खिशांत वा पर्सेंत ठेवावा. फोनचा भरंवसा भुयारांत नेहमींच धरतां येत नाहीं. आणि चुकामूक झाली तर काय करावयाचें, हें घरून निघतांनाच ठरवावें. जो गाडींत चढून पुढें गेला, त्यानें पुढच्या स्टेशनावर उतरून तेथेंच उभें राहावें. जो मागें राहिला, त्यानें पुढील गाडीनें तेथें यावें. दोघेंही एकमेकांस शोधूं लागलीं, म्हणजे दोघेंही हरवतात.

दिवसाचा बेत आंखतांना एका दिवशीं एकच ठिकाण, फार तर त्याच्या शेजारचें दुसरें, असा नेम ठेवावा. ब्रिटिश म्यूझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम यांस प्रवेशमूल्य नाहीं. म्हणून सर्व पाहिलेंच पाहिजे अशी घाई करूं नये. आज अमरावतीचीं शिल्पें पाहावीं, पुन्हां एखादे दिवशीं टिपूचा लांकडी वाघ. बसावयास बांक, पिण्यास पाणी व स्वच्छ शौचकूप या सोयी या संग्रहालयांत उत्तम असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरील शौचकूपेंही २०१९ पासून विनामूल्य झालीं आहेत. वडील माणसांच्या सहली पुष्कळदां याच एका चिंतेनें मोडतात, म्हणून हें स्पष्ट लिहिलें.

कांहीं पत्ते आपले स्वतःचे आहेत. मेडा व्हेल भागांत १० हाउली प्लेस या घरीं लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्यें चिरोल खटल्याच्या काळांत राहत होते. भिंतीवर निळी वाटोळी पाटी आहे. जवळचें स्टेशन वॉरिक अव्हेन्यू. हायगेटमध्यें ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू हें पंडित श्यामजी कृष्णवर्म्यांनीं १९०५ सालीं उघडलेलें इंडिया हाउस. सावरकर तेथेंच राहिले. चॉक फार्म स्टेशनापासून चालत जाण्यासारखें १० किंग हेन्रीज रोड हें डॉ. आंबेडकरांचें १९२१-२२ मधील निवासस्थान. तें २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें विकत घेतलें. पहिलीं दोन घरें रस्त्यावरूनच पाहावीं, कारण तेथें आज लोक राहतात. एका मंगळवारीं एक, अशा रीतीनें तीन आठवड्यांचे तीन सुरेख फेरफटके होतात, आणि नातवाला सांगावयास गोष्टही मिळते.

शाकाहारी मंडळींस एक सूचना. तेथें "व्हेजिटेरियन" म्हटलें, कीं त्यांत अंडें येतें. केकमध्यें तर तें बहुधा असतेंच. अंडें वर्ज्य असेल, तर "व्हीगन" हा शब्द वापरावा. त्यांत दूधही नसतें, एवढें लक्षांत ठेवावें. बटाट्याचे तळलेले काप कोठें कोठें चरबींत तळतात, म्हणून विचारून घ्यावें. यूस्टन स्टेशनाजवळील ड्रमंड स्ट्रीट व वेम्ब्लीचा ईलिंग रोड येथें आपल्या तोंडास रुचेल असें अन्न मिळतें. तथापि पोळीभाजीचा डबा घेऊन बागेंतील बांकावर बसणें यासारखें सुख नाहीं, आणि तेथें त्यास कोणी हंसतही नाहीं.

शेवटीं एक विनंती तेथील मुलांस व सुनांस. आईवडिलांना लंडन "दाखवूं" नका, हिंडावयास शिकवा. पहिल्या खेपेस बरोबर जा. दुसऱ्या खेपेस त्यांना पुढें घालून आपण मागें चाला, व फलाट त्यांनाच शोधूं द्या. तिसऱ्या खेपेस घरीं राहा. थोडी धाकधूक वाटेल. पण ज्यांनीं तुम्हांस बोट धरून शाळेंत सोडलें व फाटकाशींच हात सोडला, त्यांसही ती वाटलीच होती. आणि वडील माणसांस आमचें सांगणें एवढेंच: एखादे वेळीं चुकीच्या गाडींत बसाल, तर पुढच्या स्टेशनावर उतरा, समोरच्या फलाटावर जा, व परतीची गाडी धरा. बहुधा पांच-दहा मिनिटांचाच खोळंबा होईल. एवढ्या भीतीपोटीं चार महिने खिडकींत घालविणें, हा मात्र फार महागाचा सौदा आहे.